पावसाआधी एकदा आउटबॉक्स उघडा

कामाचा मेल फोनवर बघणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. पुढचं वाचण्याआधी फोन हातात घ्या, मेलचं ॲप उघडा आणि त्यातला आउटबॉक्स बघा. सेंट नव्हे, आउटबॉक्स. बहुतेकांचा रिकामाच असेल. ज्यांचा नसेल त्यांना कळेल की परवा पाठवलेलं कोटेशन, साहेबांना दिलेलं उत्तर किंवा रजेचा अर्ज अजून आपल्याच खिशात आहे. सेंडचं बटण दाबलं होतं हे खरं. पण बटण दाबलं म्हणजे मेल गेला असं नसतं.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे जून तोंडावर आला आहे. पहिल्या मोठ्या पावसात काय होतं हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. वीज जाते, तिच्याबरोबर घरचा राउटर जातो, फोन गुपचूप मोबाइल डेटावर येतो. त्याच वेळी आख्खी सोसायटी त्याच टॉवरवर येऊन पडते. तुम्ही लोकल पकडता, स्टेशनच्या वायफायला फोन आपोआप चिकटतो, गाडी सुटली की तो तुटतो, पुढे ऑफिसचं वायफाय लागतं. सकाळी आठ ते अकरा एवढ्या वेळात फोन चार-पाच नेटवर्कांवरून फिरून आलेला असतो. यातल्या प्रत्येक सांध्यावर मेल अडकू शकतो, आणि अडकला तर फोन सहसा बोंब मारत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. छोट्या कार्यालयांचे मेल आणि संगणक सांभाळणं हे माझं काम. पावसाळ्यात येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात: "अहो, मी पाठवला होता, ते म्हणतात आलाच नाही."

दोघंही खरं बोलत असतात.

यात कायदा काय म्हणतो ते आधी बघू, कारण नुकसान तिथे होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातलं कलम १३ मेल कधी निघाला आणि कधी पोचला यावरच आहे. दोन्ही बाजूंनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल, तर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत मेल शिरला की तो निघाला असं धरतात. आउटबॉक्समधला मेल तुमच्याच ताब्यात आहे, म्हणजे तो निघालेलाच नाही. मुदत ३१ तारखेला संपत असेल आणि मेल १ तारखेला वायफाय मिळाल्यावर सुटला असेल, तर "मी ३१ लाच दाबलं होतं" याला फारसा अर्थ राहत नाही.

उलट दिशेनेही तेच कलम लागू होतं. तुम्ही जो पत्ता ठरवून दिला आहे त्याच्या यंत्रणेत मेल शिरला की तो तुम्हाला मिळाला. फोनवर घंटी वाजली का, तुम्ही तो उघडला का, तुमचं सिंक तीन दिवस बंद होतं का, हे कुणी विचारत नाही. जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी इथे जरा थांबावं. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यात नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवणं हा एक मार्ग आहे. नोंदणी का रद्द करू नये अशी नोटीस आली, तर उत्तर द्यायला कामकाजाचे ७ दिवस मिळतात. त्यातले चार फोनच्या झोपेत गेले तर उरले तीन. (आणि तो नोंदणीचा मेल पत्ता तुमचा आहे की पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा, हेही एकदा बघा. हा विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता फोन असा का वागतो ते थोडक्यात सांगतो. कारण कळलं की उपाय पाठ करावा लागत नाही.

मेलचं ॲप सर्व्हरशी एक जोडणी उघडून ठेवतं आणि सांगतं, काही आलं तर कळव. आयमॅप पद्धतीच्या मेलमध्ये या वाट बघण्याला १९९७ पासून ठरलेली रीत आहे आणि त्यात दर २९ मिनिटांच्या आत जोडणी ताजी करावी अशी सूचना आहे. जोडणी ओळखली जाते ती दोन्ही टोकांच्या इंटरनेट पत्त्यांवरून. तुम्ही घराबाहेर पडलात, वायफाय सुटलं, मोबाइल डेटा लागला, की फोनचा पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी मरते. सर्व्हरला हे लगेच कळत नाही. फोन हातात असला तर ॲप क्षणात नवी जोडणी करतं. फोन खिशात असला, पडदा बंद असला आणि बॅटरी वाचवण्याची सोय जोरात असली, तर ॲप उठेपर्यंत वेळ जातो. मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणाही काही मिनिटं गप्प असलेल्या जोडण्या बरेचदा तोडून टाकतात.

जीमेल आणि आउटलुकसारखी ॲप याच्या पुढे गेलेली आहेत. ती स्वतः वाट बघत बसत नाहीत. अँड्रॉइडवर गूगलची आणि आयफोनवर ॲपलची एक सामाईक वाहिनी असते, सगळ्या ॲपच्या सूचना तिच्यातून येतात. अँड्रॉइडची ही वाहिनी सहसा ५२२८ ते ५२३० या क्रमांकांच्या पोर्टवरून जाते. काही ऑफिसांच्या फायरवॉलवर ही पोर्ट बंद असतात. म्हणून पुष्कळांना तो नेहमीचा अनुभव येतो: दिवसभर ऑफिसच्या वायफायवर एक सूचना नाही, आणि संध्याकाळी गेटबाहेर पडून मोबाइल डेटा लागला की पाच-सहा मेल एकदम धडकतात. लोक फोनला शिव्या देतात, नवा फोन घेतात, आणि नव्या फोनवरही तेच होतं. तुमचं असं होत असेल तर फोन बदलू नका. ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला हे तीन आकडे लिहून द्या.

याच्या बरोबर उलटी तक्रारही येते. वायफायवर मेल येतो, मोबाइल डेटावर ॲप उघडल्याशिवाय येत नाही. इथे बहुतेक वेळा डेटा सेव्हर चालू असतो. अँड्रॉइड ७ बरोबर २०१६ मध्ये आलेली ही सोय मागे चालणाऱ्या ॲपना मोबाइल डेटा वापरू देत नाही. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन पुरवायचा म्हणून कुणीतरी, बहुधा घरातल्या मुलानेच, ती चालू करून दिलेली असते. सेटिंगमध्ये मेलच्या ॲपला या बंदीतून सूट देता येते. नुसत्या मजकुराचा मेल काही केबींचा असतो, डेटा खातात ते व्हिडिओ. तेव्हा ही सूट द्यायला घाबरू नका.

आयफोनवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण ही फार कमी जणांना माहीत असते. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेलचं साधं खातं जोडलं असेल, तर त्याला पुश मिळत नाही. फोन ठरावीक वेळाने स्वतः जाऊन बघतो. ते वेळापत्रक 'ऑटोमॅटिकली'वर असेल, तर मागच्या मागे मेल आणायचं काम फोन चार्जिंगला लावलेला आणि वायफायवर असेल तेव्हाच होतं. म्हणजे तुम्ही दिवसभर बाहेर फिरताय, फोन शांत आहे, तुम्हाला वाटतंय आज कामाचं काही नाही. रात्री घरी येऊन फोन चार्जिंगला लावला की दिवसभराचं काम येऊन उभं राहतं. तिथे १५ मिनिटांचा पर्याय निवडा, किंवा जीमेलचं स्वतःचं ॲप वापरा.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, फोन हलत नसेल, पडदा बंद असेल आणि चार्जिंग चालू नसेल तर ॲपना झोपवण्याची व्यवस्था आहे. त्यावर अनेक कंपन्या आपापली जादा बॅटरी-काटकसर लादतात. त्या फोनांत मेलचं ॲप 'अनरिस्ट्रिक्टेड' करावं लागतं आणि ऑटोस्टार्ट चालू ठेवावं लागतं. हे प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी दडलेलं असतं आणि ते शोधताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, हे मान्य. तरी शोधा.

आता पुन्हा आउटबॉक्सकडे, कारण येणारा मेल उशिरा आला तर निदान कधीतरी येतो. जाणारा अडकला की तुम्ही निर्धास्त असता.

मोठी फाइल जोडलेला मेल चालत्या गाडीतून पाठवू नका. मेलमध्ये जोडलेली फाइल पाठवताना तिचं रूपांतर होतं आणि आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. २० एमबीची पीडीएफ वाटेत २७ एमबीच्या आसपास होते. सर्व्हरची मर्यादा २५ असेल तर ती जाणारच नाही, मग नेटवर्क कितीही चांगलं असो. त्याहून वाईट म्हणजे मधेच जोडणी तुटली तर अर्धा गेलेला मेल तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून जातो. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी विचार करावा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि त्याच्या मागेपुढे बोगद्यांची रांगच आहे. प्रत्येक बोगद्यात तुमची पीडीएफ शून्यावर येते. फोन बिचारा रत्नागिरीपासून मडगावपर्यंत तीच फाइल ढकलत राहतो, डेटा जातो, बॅटरी जाते, आणि मेल जिथल्या तिथे. फाइल घरच्या वायफायवरून ड्राइव्हवर चढवून ठेवा आणि मेलमध्ये फक्त लिंक द्या. किंवा नुसत्या मजकुराचा मेल आधी पाठवा: "कोटेशन रक्कम अमुक, सविस्तर कागद मागाहून." तो चिमूटभर सिग्नलवरही सुटतो, आणि मुदतीच्या आत निघाल्याची नोंद होते.

कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा मेल वापरणाऱ्यांचं आणखी एक जुनं दुखणं आहे. मेल येतो, पण बाहेरच्या नेटवर्कवरून पाठवता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी जाणाऱ्या सर्व्हरचं पोर्ट २५ टाकून ठेवलेलं असतं. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांकडून जाणारं २५ बंद ठेवतात. ऑफिसात ते चालतं, मोबाइल डेटावर अडतं. तिथे ५८७ किंवा ४६५ हवं, आणि सुरक्षा 'टीएलएस' चालू हवी. ऑफिसच्या संगणकावर अजून पॉप पद्धतीने मेल उतरवत असाल, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल, तर संगणकाने उतरवलेला मेल फोनला कधी दिसणारच नाही. त्यात नेटवर्कचा काही दोष नाही.

यानंतरची गोष्ट सगळ्यात गंभीर आहे.

स्टेशन, हॉटेल, हॉस्पिटल, मॉल इथलं मोफत वायफाय जोडल्यावर आधी एक पान उघडतं. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, मग इंटरनेट सुरू. रेल्वे स्टेशनांवरच्या रेलवायरचं असंच आहे, आणि तिथे दिवसातली पहिली ३० मिनिटं मोफत असतात. ओटीपी टाकेपर्यंत, आणि मोफत वेळ संपल्यावर, वायफायचं चिन्ह वर झळकत असतं पण आत काही नसतं. अशा वेळी मेलचं ॲप आपल्या सर्व्हरला हाक मारतं आणि उत्तर देऊ शकतं ते वायफायचं फाटक. फोन म्हणतो: सर्व्हरची ओळख पटत नाही, प्रमाणपत्र जुळत नाही, पुढे जायचं का?

पुढे जाऊ नका. 'कंटिन्यू', 'ट्रस्ट', 'ॲक्सेप्ट' यातलं काहीही दाबू नका. बऱ्याचदा तो निरुपद्रवी फाटकाचाच गोंधळ असतो. पण त्याच नावाचं खोटं वायफाय शेजारच्या बाकावरून कुणी चालवत असेल तरी फोनवर अगदी हाच इशारा येतो. दोन्हींत फरक कळायला तुमच्याकडे मार्ग नाही. तुम्ही 'कंटिन्यू' दाबलंत तर मेलचा पासवर्ड अनोळखी यंत्राच्या हातात जाऊ शकतो. आणि कामाच्या मेलचा पासवर्ड हातात आला की तुमच्या नावाने ग्राहकाला "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असं कळवायला वेळ लागत नाही. म्हणून रद्द करा, वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या. तिथेही तोच इशारा आला तर ऑफिसला कळवा, सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते. जुन्या मेल ॲपमध्ये 'सगळी प्रमाणपत्रं स्वीकारा' असा एक पर्याय असतो. सारखा इशारा येतो म्हणून कंटाळून कुणी तो निवडून ठेवला असेल, तर आजच बदला. तो पर्याय चालू असला की इशारा येत नाही, फक्त धोका येतो.

वायफायच्या काठावर उभं राहूनही मेल अडकतो. जिन्यात, पार्किंगमध्ये, कंपनीच्या गेटवर एक कांडी उरलेली असते आणि फोन तिला सोडत नाही. आयफोनमध्ये 'वायफाय असिस्ट' आहे, पण ते उघड्या असलेल्या ॲपसाठीच चालतं, मागे मेल आणणाऱ्यासाठी नाही. साधा उपाय म्हणजे बाहेर पडताना वायफाय हाताने बंद करणं. कंपनीचं व्हीपीएन असेल तर नेटवर्क बदलल्यावर ते पुन्हा जोडलं गेलंय का तेही बघा.

मुंबईचं सिम घेऊन पुण्या-नाशिकला जाणाऱ्यांनी डेटा रोमिंग चालू ठेवावं. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई वेगळं सर्कल आहे, महाराष्ट्र-गोवा वेगळं, आणि रोमिंग बंद असलं तर काही फोनांवर डेटा थांबतो. देशात सध्याच्या बहुतेक प्लॅनना त्याचे जादा पैसे पडत नाहीत. परदेशी जाणाऱ्यांनी मात्र रोमिंगचे दर बघूनच निर्णय घ्यावा, आणि निघण्याआधी एक काम करावं. कामाच्या मेलला दुसऱ्या टप्प्याची खात्री एसएमएसने येत असेल तर ती कोड देणाऱ्या ॲपवर न्या. ते ॲप नेटवर्कशिवाय दर ३० सेकंदांनी नवा आकडा देतं. दुबईच्या हॉटेलात उत्तम वायफाय असून इथला ओटीपी येत नाही म्हणून मेलबाहेर बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि तिथून केलेल्या फोनवर काही मदतही करता येत नाही.

दोन शब्द वरिष्ठांना आणि मालकांना. रात्री साडेनऊला मेल टाकून सकाळी आठला "वाचला नाहीस का?" असं विचारण्याआधी वरचं सगळं आठवा. ज्याच्या घरी चार तास वीज नाही त्याच्याकडे तुमचा मेल फोनपर्यंत पोचलेलाच नसू शकतो. काम खरंच तातडीचं असेल तर फोन लावा. तातडीचं नसेल तर सकाळची वाट बघा. कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. पण शहाणपणाला कायदा लागतो असं नाही. आणि मुदतीचा मेल मागवताना "मिळाला" एवढं एका शब्दाचं उत्तर उलट पाठवायची शिस्त ऑफिसात लावा. यातला निम्मा घोळ तेवढ्याने मिटेल.

तुम्ही आज रात्री करायचं ते एवढंच. घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून स्वतःच्या कामाच्या पत्त्यावर एक मेल पाठवा, तेव्हा तुमचा फोन वायफायवर, पडदा बंद करून, टेबलावर ठेवा. किती वेळाने येतो ते बघा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करा. दोन्ही वेळी ॲप न उघडता दोन-चार मिनिटांत सूचना आली तर येणारी बाजू ठीक आहे. मग मोबाइल डेटावरूनच एक मेल बाहेर पाठवा, तो आउटबॉक्समधून निघून सेंटमध्ये गेला का आणि समोर पोचला का ते बघा. जीमेलमध्ये 'क्यूड' असं दिसत असेल तर तो अजून रांगेत आहे. उद्या ऑफिसच्या वायफायवर हीच चाचणी पुन्हा करा. जिथे अडेल तिथलं कारण वर सापडेल.

आणि ज्यांच्या घरी आई-वडील एखादं दुकान, दवाखाना, वर्कशॉप चालवतात आणि त्यांच्या धंद्याचा मेल जुन्या फोनवर आहे, त्यांनी या रविवारी तो फोनही असाच तपासून द्यावा. तिथे आधी आउटबॉक्स बघा.